दाबातील हवा आणि दक्षतेची शिस्त

(सेमाडोह परिसरातील वनकर्मचारी, बचाव दलाचे सदस्य व ग्रामस्थ यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)

चैत्र-वैशाखात मेळघाटचे रान पानगळीने मोकळे होते. सिपना नदीचे पात्र आटते, डोहांतून तेवढे पाणी उरते आणि सागाच्या वाळल्या पानांचा थर पायाखाली वाजू लागतो. याच दिवसांत माणूस आणि वन्यप्राणी एकमेकांच्या अधिक जवळ येतात. प्राणी पाण्यासाठी खाली उतरतात, तर माणसे मोहफुले व तेंदूपत्ता वेचण्यासाठी पहाटेपासून रानात शिरतात. एखादा बिबट गावाच्या वस्तीत अडकला किंवा एखादा वाघ जखमी अवस्थेत आढळला, तर त्याला बेशुद्ध करून सुरक्षित स्थळी हलविण्याची जबाबदारी वनविभागाच्या बचाव दलावर येते. त्या वेळी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती जी बंदूक असते, तिच्यात बहुधा बारूद नसते. तिच्यात असतो तो दाबून भरलेला वायू.

बारुदाची भीती सर्वांनाच असते. हवेची भीती कोणालाच वाटत नाही. हवा दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती तर आपण प्रत्येक क्षणी श्वासावाटे घेतच असतो. हवेच्या बंदुकीमुळे होणाऱ्या अपघातांचे मूळ पुष्कळदा याच निश्चिंतपणात असते. बंदुकीचे तोंड धोक्याचे, एवढे लहान मूलही जाणते. परंतु दाबातील हवेच्या बंदुकीला धोक्याची आणखी एक बाजू असते. ती म्हणजे तिची टाकी, तिची झडप आणि ती भरणारी नळी. भरताना व दुरुस्ती करताना माणसाचा चेहरा व हात नेमके याच बाजूला असतात. म्हणून या दुसऱ्या बाजूची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

दाब म्हणजे किती?

परतवाड्याच्या बाजारात ट्रकचे चाक भरणारा कारागीर सर्वांच्या परिचयाचा आहे. ट्रकच्या चाकात साधारणतः ७ ते ८ बार दाबाची हवा असते. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ १ किलोग्रॅम भार. एवढ्या दाबानेही चाकाची लोखंडी रिंग निसटली तर ती माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून जाणता कारागीर हवा भरताना चाकाच्या समोर उभा राहत नाही, बाजूला उभा राहतो.

आता नेमबाजीच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या आधुनिक हवाई रायफलीचा विचार करावा. तिच्या टाकीत २०० बारपर्यंत दाबाची हवा भरली जाते. हा दाब ट्रकच्या चाकातील दाबाच्या सुमारे पंचवीसपट आहे. या टाकीच्या तोंडाशी २ सेंटिमीटर व्यासाचे बूच असेल, तर त्या बुचावर आतून सहाशे किलोग्रॅमहून अधिक भाराचा रेटा सतत असतो. आट्यांचे दोन-चार वेढे तेवढे तो रेटा अडवून धरतात.

शक्तीच्या भाषेत सांगायचे तर २०० मिलिलिटरची, म्हणजे पाण्याच्या पेल्याएवढी टाकी २०० बारने भरली असता तिच्यात सुमारे ८ हजार ज्यूल शक्ती साठते. ऐंशी किलो वजनाचा माणूस दहा मीटर उंचीवरून खाली पडावा, तेवढी ही शक्ती होय. याउलट स्पर्धेच्या रायफलीतून सुटणाऱ्या छर्ऱ्याची शक्ती साधारणतः साडेसात ज्यूलच्या आत असते. नळीतून एका वेळी जी शक्ती बाहेर पडते, तिच्या हजारपट शक्ती टाकीत उरलेली असते, हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दोनशे वर्षांपूर्वीचा धडा

हवेची बंदूक ही अलीकडची नवलाई नव्हे. इ. स. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरांडोनी नावाच्या कारागिराने तयार केलेली हवाई रायफल वापरात आली. तिचा दस्ता हीच हवेची टाकी होती आणि ती भरण्यासाठी हातपंपाचे सुमारे दीडहजार झटके द्यावे लागत. पुढे अमेरिकेत लुईस आणि क्लार्क यांच्या प्रसिद्ध मोहिमेबरोबरही एक हवाई रायफल होती. ऑगस्ट १८०३ मध्ये मोहीम निघते न निघते तोच, पिट्सबर्गजवळ लुईस यांनी ती जमलेल्या लोकांना दाखविली. तिची माहिती नसलेल्या एका माणसाच्या हातात ती गेली, नकळत गोळी सुटली आणि काही अंतरावर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या कपाळाच्या कडेला लागली. ती कोसळली, सुदैवाने जखम वरवरची ठरली. आवाज लहान, धूर नाही, ज्वाला नाही; म्हणून ती ‘खरी बंदूक’ वाटली नाही, हेच त्या अपघाताचे कारण म्हणावे लागेल.

विसाव्या शतकात याच तत्त्वाला एक कल्याणकारी वळण मिळाले. न्यूझीलंडमधील कॉलिन मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात औषधाची सुई दुरून मारणारी बंदूक विकसित केली. रानटी जनावर पकडताना ते घाबरून मरू नये आणि पकडणाराही जखमी होऊ नये, हा त्यामागील विचार. आज भारतातील व्याघ्र प्रकल्पांत हेच साधन वापरले जाते. मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्प योजनेतील देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक असून, १९७४ मध्ये त्याची व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषणा झाली.

क्रीडाक्षेत्रातही या बंदुकीने देशाला मान मिळवून दिला आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांनी दहा मीटर हवाई रायफलीत सुवर्णपदक मिळविले, आणि २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या रुद्रांक्ष पाटील याने याच प्रकारात जागतिक अजिंक्यपद पटकाविले. साहजिकच तालुक्याच्या गावांतूनही मुले या खेळाकडे वळू लागली आहेत. साधन गावोगाव पोहोचते, परंतु ते सांभाळण्याचे ज्ञान बरोबरीने पोहोचतेच असे नाही. ही उणीव भरून काढावयास हवी.

हवा भरताना

हवेची टाकी भरण्याच्या कामात काही गोष्टी कधीही विसरता कामा नयेत.

पहिली गोष्ट, टाकीवरील मजकूर वाचणे. कोणत्या दाबापर्यंत ती भरावयाची आणि तिची मुदत कधी संपते, हे टाकीवरच कोरलेले असते. मुदत संपलेली, आपटलेली, खोल ओरखडा पडलेली किंवा गंजलेली टाकी भरू नये. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांतही टाकी मुदतीत असल्याची खात्री करण्याची जबाबदारी खुद्द नेमबाजावर टाकलेली आहे. मुदत संपलेली टाकी नवी दिसते म्हणून चालवून घेणे, हा जिवाशी केलेला जुगार होय.

दुसरी गोष्ट, योग्य वायूच वापरणे. हवेच्या बंदुकीत स्वच्छ, कोरडी हवाच भरावी. वेल्डिंगच्या दुकानात किंवा रुग्णालयात मिळणारा प्राणवायू तिच्यात कधीही भरू नये. दाबातील प्राणवायूचा तेला-ग्रीजशी संपर्क आला की ठिणगीवाचूनही पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. साध्या हवेच्या बाबतीतही हे भान हवेच. हवा एकाएकी दाबली असता तापते. सायकलच्या पंपाचे टोक हाताला गरम लागते ते याचमुळे. मोठ्या दाबात ही उष्णता तेलाची वाफ पेटविण्याइतकी होते, आणि डिझेलचे इंजिन याच तत्त्वावर चालते. म्हणून झडपेला किंवा नळीला खनिज तेल, घरगुती मशीनचे तेल वा ग्रीज लावू नये. निर्मात्याने सांगितलेले सिलिकॉनचे वंगणच तेवढे वापरावे.

तिसरी गोष्ट, सावकाशपणा. मोठ्या सिलिंडरची झडप एकदम न उघडता हळूहळू उघडावी. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. उभे राहावे ते बाजूला; बुचाच्या वा जोडाच्या सरळ रेषेत चेहरा येऊ देऊ नये. ठरलेला आकडा आला की थांबावे. ‘आणखी थोडी’ हा मोह टाळावा. भरून झाल्यावर आधी सिलिंडरची झडप बंद करावी, नंतर नळीत अडकलेली हवा तिच्यासाठी असलेल्या छिद्रातून सोडावी आणि मगच नळी काढावी. हा क्रम चुकला तर सुटलेली नळी चाबकासारखी फटकारते.

चौथी गोष्ट, ओलावा. हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. मेळघाटच्या पावसाळ्यात हवेत ओल फार असते. हातपंपाने किंवा यंत्राने भरताना ओल शोषणारी गाळणी वेळच्या वेळी बदलली नाही, तर ते पाणी टाकीत साचून पोलादी टाकीला आतून गंज चढवते. बाहेरून लखलखीत दिसणारी टाकी आतून पातळ होत असते, आणि डोळ्यांना ते कळत नाही. ठराविक काळाने पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी लागते ती याचसाठी.

आधी रिकामी, मग उघडी

दुरुस्तीच्या बाबतीत सांगण्यासारखा नियम एकच आहे, आणि बाकीचे सर्व नियम त्याच्या पोटात येतात. तो नियम असा : आधी रिकामी करावी, मगच उघडावी.

प्रथम नळीत छर्रा वा डार्ट नाही, याची खात्री करावी. बंदूक सुरक्षित दिशेस धरावी आणि निर्मात्याने सांगितलेल्या रीतीने सर्व हवा सोडावी. दाबमापकाचा काटा शून्यावर आला म्हणजे टाकी रिकामी झालीच, असे मानू नये. काटा अडकलेला असू शकतो. दाबमापक आणि टाकी यांच्यामधील मार्ग कचऱ्याने बंद झालेला असू शकतो. हवा सोडल्यानंतर आवाज पूर्ण थांबला की नाही ते ऐकावे, थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा एकदा सोडून पाहावे. त्यानंतर बूच एकेक वेढा सैल करावे. ते नेहमीपेक्षा घट्ट लागले किंवा सूं असा बारीक आवाज आला, तर पाना तेथेच थांबवावा. रिकाम्या टाकीचे बूच हाताला सहज येते. ते अडून बसले असेल तर आतला रेटा त्याला धरून बसला आहे, असे समजावे. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर करणे म्हणजे संकटाला स्वतःच्या हाताने दार उघडणे होय.

गळती शोधताना जोडावरून बोट फिरविण्याची सवय अनेकांना असते. ही सवय घातक आहे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारा मोठ्या दाबाचा झोत कातडी भेदून हवा शरीरात घुसवू शकतो. जखम टाचणीएवढी दिसते. आतली इजा मात्र गंभीर असू शकते. असे झाल्यास वेदना कमी असली तरी विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. गळती शोधण्यासाठी साबणाच्या पाण्याचा फेस लावावा. बुडबुडा उठेल तेथे गळती. त्यानंतर पुन्हा आधी रिकामी, मग उघडी.

टाकीला वेल्डिंग करणे, भोक पाडणे, घासून आटे पाडणे किंवा पाण्याच्या पाइपचा तुकडा टाकी म्हणून वापरणे, हे प्रकार सर्वथैव वर्ज्य समजावेत. ग्रामीण भागातील कारागिरांची कल्पकता वाखाणण्याजोगी आहे. नादुरुस्त पंप, मोटारी व फवारणीयंत्रे ते हां-हां म्हणता चालू करून देतात. परंतु दोनशे बारच्या टाकीपुढे कल्पकतेला स्थान नाही. तेथे प्रमाणित सुटा भाग आणि प्रशिक्षित हात हेच हवेत.

जत्रेत फुगे फोडण्यासाठी असते ती स्प्रिंगची बंदूकही अगदीच निरुपद्रवी नव्हे. तिच्यात हवेचा साठा नसतो. परंतु दाबलेली स्प्रिंग असते. स्प्रिंग धरून ठेवणारा शिकंजा न लावता मागील बूच काढले तर ती स्प्रिंग तोंडावर येते.

वऱ्हाडचा उन्हाळा आणि दाब

डार्टच्या अनेक बंदुकांत हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरला जातो. हा वायू लहान सिलिंडरात द्रवरूपाने असतो. २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब सुमारे ५७ बार असतो, तर ३१ अंशांना तो ७४ बारच्या जवळ जातो. ३१ अंशांच्या वर तर त्याचे द्रवरूपच नाहीसे होते आणि दाब झपाट्याने वाढू लागतो. अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्ये तो याहूनही पुष्कळ वर चढतो. जीपच्या टपाखाली ठेवलेले सिलिंडर म्हणूनच केवळ सामान नसते. साध्या हवेची टाकीही याला अपवाद नाही. २५ अंशांना २०० बारने भरलेली टाकी ६५ अंशांपर्यंत तापली, तर तिच्यातील दाब सुमारे २२७ बार होतो. तेव्हा टाक्या सावलीत ठेवाव्यात, ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या पेटीतून न्याव्यात आणि भरताना उन्हाळ्यासाठी वाव राखावा. जाळरेषेच्या कामावर असताना त्या आगीजवळ तर कधीच नेऊ नयेत.

हिवाळ्यात उलट अडचण येते. चिखलदऱ्याच्या पठारावरील पहाटेच्या थंडीत, ५ अंशांना, याच वायूचा दाब ४० बारच्या आसपास उतरतो. शिवाय प्रत्येक बारानंतर वायू अधिक गार होतो. मग दाब कमी पडून डार्ट वाटेतच खाली पडतो. दाब फार झाला तर सुई प्राण्याच्या अंगात खोल घुसून त्याला जायबंदी करते. अंतर मोजून दाब ठरविणे आणि त्यासाठी ठरावीक काळाने कापडी लक्ष्यावर सराव करणे, ही म्हणूनच बचावकार्याची पूर्वतयारी होय. हा वायू त्वचेवर उडाल्यास हिमदंश होतो आणि बंद गाडीत गळल्यास गुदमरायला होते, हेही ध्यानात ठेवावे.

पाचोळ्यातील डार्ट

या साऱ्या विषयातील सर्वांत नाजूक गोष्ट आकाराने सर्वांत लहान आहे. डार्टच्या पुढील कोठडीत औषध आणि मागील कोठडीत दाबलेली हवा असते. सुईच्या बाजूचे छिद्र एका छोट्या रबरी बाहीने झाकलेले असते. सुई प्राण्याच्या अंगात शिरताच बाही मागे सरकते आणि मागची हवा औषध आत ढकलते. नेम चुकला आणि डार्ट पाचोळ्यात पडला, तर तो तसाच, भरलेला आणि दाबलेला राहू शकतो. आता तो प्राणी आणि माणूस यांत भेद करीत नाही.

वाघ-बिबट्यांसाठी बहुधा झायलाझीन व केटामिन ही औषधे वापरतात. मोठ्या तृणभक्षक प्राण्यांसाठी वापरले जाणारे एटॉर्फिन तर इतके प्रखर असते, की त्याचे काही थेंबही माणसाचा श्वास थांबवू शकतात. दुसऱ्या दिवशी पहाटे मोहफुले वेचणाऱ्या एखाद्या कोरकू भगिनीला किंवा तिच्याबरोबरच्या मुलाला रंगीत शेपटीची ती नळी दिसली, तर खेळणे समजून ती उचलली जाणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून झाडलेला प्रत्येक डार्ट मोजला गेला पाहिजे आणि प्रत्येक डार्ट सापडला पाहिजे. प्राणी पिंजऱ्यात गेला म्हणजे मोहीम संपली असे नाही. शेवटचा डार्ट पेटीत परत आला म्हणजे ती संपली.

ग्रामस्थाला असा डार्ट दिसला तर त्याने हात लावू नये. जागेवर खूण करावी, मुलांना व गुरांना दूर ठेवावे आणि वनरक्षकास कळवावे. वनरक्षकानेही तो स्वतः न उघडता पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची वाट पाहावी. हातमोजे व चष्मा घालून, सुईवर संरक्षक टोपण चढवून, मागील हवा सोडून देण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीचेच आहे. दुर्दैवाने कोणास सुई टोचलीच, तर वापरलेल्या औषधाच्या नावाची चिठ्ठी रुग्णाबरोबर गेली पाहिजे. घाट उतरून परतवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर प्रत्येक मिनिटाला मोल असते. डॉक्टरांना औषधाचे नाव माहीत असेल तर उतारा शोधण्यात वेळ जात नाही. मोहिमेस निघण्यापूर्वी ती चिठ्ठी व उताऱ्याचे औषध जवळ आहे ना, हे पाहणे बचाव दलाचे कर्तव्य ठरते.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ अन्वये लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात कोणतेही शस्त्र नेता येत नाही. ‘ही तर छर्ऱ्याची बंदूक’ हे उत्तर तेथे चालत नाही. वाघ-बिबट्यासारख्या प्राण्यास बेशुद्ध करून पकडण्यासाठीही कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. हवेच्या बंदुकांचे छिद्र व शक्ती यांवरून त्यांच्या परवान्याविषयीचे नियम शस्त्र नियम, २०१६ मध्ये दिले आहेत. अर्ध्या लिटरहून अधिक क्षमतेचे सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेत येतात, आणि या नियमांचा अंमल पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या विदर्भातच, नागपूर येथे आहे. सिलिंडर कोठून भरून घ्यावे व त्याची चाचणी कोठे करावी, हे अधिकृत केंद्राकडेच विचारावे.

बंधुभगिनींनो, जंगलात राहणाऱ्या माणसाला न दिसणाऱ्या गोष्टींची जाण नव्याने शिकवावी लागत नाही. पाचोळ्याच्या आवाजावरून सांबर कोणते आणि अस्वल कोणते, हे कोरकू बांधव ओळखतो. माकडांच्या ओरडण्यावरून वाघ कोठे आहे, ते वनरक्षक सांगतो. वाघ दिसत नाही म्हणून तो नाही, असे येथे कोणीच मानीत नाही. टाकीतील हवेविषयी एवढीच जाणीव बाळगली, तर पुरे आहे. ती दिसत नाही. परंतु ती आत आहे, असे समजूनच प्रत्येक बूच, प्रत्येक नळी आणि प्रत्येक डार्ट हाताळावा. वन्यप्राण्याचा जीव वाचवावयास निघालेला माणूसही संध्याकाळी सुखरूप घरी परतला पाहिजे. आधी रिकामी, मग उघडी, या चार शब्दांत ती सुखरूपता सामावलेली आहे.